इटलीचे मानद निरीक्षक

सर्व संबंधितांना याद्वारे जाहीर करण्यात येते, की पिसाचा मनोरा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतच कललेला आहे. काळजीचं कारण नाही. तपासणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन, पाणसळ लावून करण्यात आली. बुडबुडा सरकला, पण घाबरण्याइतका नाही. तेव्हा इटलीचं सरकार, तिथली जनता आणि मनोरा तळहातावर तोलल्याचे फोटो काढून घेणारे जगभरातले तमाम उथळ लोक, या सर्वांनी आता निश्चिंत व्हावं.

हा निष्कर्ष माझा नाही. माझी एवढी पात्रता कुठली? हा निष्कर्ष आमच्या निरीक्षकांचा. त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण ते अजून आयर्लंडमधल्या नासला राहतात आणि मीही अजून नासच्याच दुकानात कोथिंबीर शोधत फिरते. समोरासमोर गाठ पडते.

मलिंगारजवळच्या एका कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या तिथे तयार होतात. मी तक्रार विभागात होते. जगभरातून आलेल्या तक्रारी वाचायच्या, त्यातली खरी कोणती आणि कांगावा कोणता ते ठरवायचं, हे माझं काम. निरीक्षक व्हॅलिडेशनमध्ये होते. म्हणजे एखादं मशीन डोळ्यांदेखत व्यवस्थित चालत असलं तरी ते चालतंय हे कागदावर सिद्ध होईपर्यंत त्याच्याकडे आरोपीसारखं बघायचं, हे त्यांचं काम. कारखान्यात अशी माणसं लागतातच. पंचाईत एवढीच की निरीक्षक हे काम सुट्टीवरही घेऊन जायचे.

नास ते मलिंगार, तासभर जायला, तासभर यायला, सहा वर्षं ते माझ्या गाडीत बसत होते. गाडी माझी, कारण इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ते चार वेळा नापास झाले होते. चारही वेळा चूक परीक्षकाची होती. चौथ्या वेळी तर त्यांनी राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकाच्या, तोंडाशी गाडी थांबवून, हा राउंडअबाउट मुळातच चुकीचा कसा आखलाय, हे परीक्षकाला बोटाने हवेत काढून दाखवलं. मागे सात गाड्या उभ्या. परीक्षक बिचारा आयरिश, म्हणजे तोंडावर वाईट बोलायची सोय नाही. "ग्रँड, ग्रँड," म्हणत त्याने कागदावर काट मारली.

वर्षातून तीनदा, चारदा हे गृहस्थ इटलीला जायचे. एकटे. दुसऱ्या कुठल्या देशात नाही, फक्त इटलीत. मी एकदा विचारलं, "अहो, स्पेन आहे, पोर्तुगाल आहे, एकदा बदल म्हणून तरी?"

"मॅडम," ते खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघत म्हणाले, "माझा पहिला व्हिसा इटलीने दिला. फाइल त्यांच्याकडे आहे. आता मधेच मी स्पेनकडे अर्ज केला, तर इटलीला काय वाटेल? हा माणूस स्थिर नाही!"

इटलीला काय वाटेल! पाच-सहा कोटींचा तो देश संध्याकाळी दारात उभा राहून यांची वाट बघत असावा, अशा आवाजात.

आणि जाऊन करायचे काय? बघायचे नाहीत. तपासायचे. "मी टुरिस्ट नाही, मी निरीक्षक आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. प्रत्येक शहराला शंभरपैकी गुण. रोम एकसष्ट. मिलान पंचेचाळीस. नेपल्सला त्यांनी एकोणचाळीस दिले होते आणि मग दया येऊन एक वाढवला. पासष्टच्या वर कुणी गेलेलं मी ऐकलं नव्हतं. गुण कापायची कारणं ऐकण्यासारखी असत. रोमचे चार गुण गेले, कारण कलोसियमचा एक भाग पडलेला आहे आणि "दोन हजार वर्षांत दुरुस्तीचं साधं वेळापत्रकसुद्धा लावलेलं नाही." ते आतही गेले नव्हते. रांग म्हटली की त्यांना अपमान वाटायचा. बाहेरून तीन फेऱ्या मारल्या, बाकावर बसून दशमी खाल्ली आणि निकाल दिला.

पाणसळ मात्र सदैव बरोबर. चांगली फूटभर लांब, पिवळी. हॉटेलात शिरले की आधी टेबलावर लावायची, मग पलंगावर. डब्लिनच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने ती एकदा वर धरून विचारलं, "व्हॉट्स द स्टोरी विथ धिस?" आमचे निरीक्षक छाती पुढे काढून म्हणाले, "पिसा." त्याने ती मुकाट्याने परत दिली. मला वाटतं त्याला यांची कणव आली असावी. पिसाच्या पहारेकऱ्याला मात्र आली नाही. मनोऱ्याच्या पायथ्याच्या संगमरवरावर पाणसळ टेकवून हे गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला, आणि पहारेकऱ्याने मागून येऊन कॉलर धरली. निरीक्षकांच्या सांगण्यानुसार त्यांनी त्याला निष्कर्ष ऐकवला तेव्हा तो "प्रभावित" झाला. असेलही. मी तक्रार विभागात होते, मला प्रभावित झालेल्या लोकांच्या पत्रांचा फारसा अनुभव नाही.

बोलोन्याचा किस्सा ते मोठ्या अभिमानाने सांगत. बाहेरचं अन्न म्हणजे अनियंत्रित प्रक्रिया, म्हणून बरोबर भाताचा छोटा कुकर नेलेला. इथला तीन पायांचा जाड प्लग, तिथलं बारीक भोकांचं सॉकेट. मधे त्यांनी दोन अडॅप्टर एकाला एक जोडून असा काही मनोरा रचला, की खिचडीला पहिली वाफ यायच्या आत आख्खा मजला अंधारात. लोक दारं उघडून बाहेर आले, कुणी टॉवेलवर, कुणी दाढीच्या फेसात. आमचे निरीक्षक काय करत होते? तेही बाहेर येऊन, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांच्या बरोबरीने हॉटेलच्या नावाने खडे फोडत होते!

"मॅडम, वायरिंग रोमन काळातलं!"

"आणि खिचडी?"

"कच्ची. त्याचे तीन गुण कापले."

"तुमचे?"

"बोलोन्याचे!"

आणि लुक्काला जाताना तर कहर. तिथल्या छोट्या गाड्यांचं कागदी तिकीट घेतलं की फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उठवायचा असतो, त्यालाही व्हॅलिडेशनच म्हणतात. तेवढंच काम. निरीक्षकांनी ते केलं नाही. तिकीट तपासनीस आला, त्याने शिक्का नाही म्हणून दाखवलं. यांनी खिशातून कारखान्याचं ओळखपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलं आणि त्याला सांगितलं, की मी गेली अठरा वर्षं व्हॅलिडेशनच करतो, तेव्हा मला शिकवू नका. तपासनिसाने त्यांना पुढच्या स्टेशनावर हाताला धरून उतरवलं. त्या गावाचं नावही यांना माहीत नव्हतं, पण त्याला गुण मात्र दिले. पन्नास.

आमच्या विभागाची पर्यवेक्षक मलिंगारची होती. इकडे समोर नसलेल्या कुठल्याही पुरुषाला लोक 'युअर मॅन' म्हणतात. सोमवारी यांची खुर्ची रिकामी दिसली की ती मला विचारायची, "युअर मॅन परत इटलीला?" आणि मी हो म्हटलं की ती कपाळाला हात लावून म्हणायची, "गॉड हेल्प इटली."

एकटं का जायचं, यावर त्यांचा सिद्धांत होता. "दोघं गेलं की बघणं होत नाही, बोलणं होतं." ही दुसरी व्यक्ती म्हणजे त्यांची बायको. आमच्या वहिनी. नासच्या एका पाळणाघरात त्या नोकरी करायच्या. तीन वर्षांची बारा पोरं एका दोरीला धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील, त्यांतल्या सगळ्यात पुढच्या त्या. त्यांना आयुष्यात एकच शहर बघायचं होतं. व्हेनिस. लग्न झालं तेव्हा नाशिकच्या घरात त्यांच्या माहेरहून आलेलं एक कॅलेंडर होतं, त्यातल्या एका पानावर ते पाणी आणि ते पूल होते. महिना उलटला तरी त्यांनी पान उलटलं नाही. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा स्वतःच हसल्या होत्या. पण आधी मुलगी लहान होती, मग मुलीची परीक्षा होती, मग वहिनींचे गुडघे होते. गुडघे दुखतात हा शोधसुद्धा निरीक्षकांचाच. वहिनी रोज चार किलोमीटर चालायच्या.

आणि त्या गाडीतल्या प्रवासांत यांची सगळ्यात मोठी फुशारकी कोणती, तर रस्ता. "मी आयुष्यात इटलीत एकाही माणसाला रस्ता विचारलेला नाही. लोक नकाशे घेऊन भांबावलेले असतात, मी सरळ जातो. दिशा ही उपजत गोष्ट आहे, मॅडम." हे सांगताना ते मला दर चौथ्या दिवशी मलिंगारच्या बाहेरच्या चौकात चुकीच्या बाजूला वळायला लावायचे. तरी मला वाटायचं, परदेशात काही माणसं खुलतात.

मग निरीक्षक आयरिश नागरिक झाले. शपथ घेतली, वाइन रंगाचा पासपोर्ट आला, आणि तो शर्टाच्या वरच्या खिशात जाऊन बसला. कँटीनमध्येसुद्धा. सूप घ्यायला वाकले की आधी त्यावर हात. आता व्हिसा नको, फाइल नको, युरोप म्हणजे घरचं अंगण. वहिनींचा नागरिकत्वाचा अर्ज मात्र त्यांनी वर्षभर उशिरा पाठवला होता. मी कारण विचारलं.

"आधी पायलट बॅच, मग मुख्य उत्पादन," ते म्हणाले. "माझा अर्ज नीट पार पडतो का ते आधी बघायला नको?"

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मुलगी गॉलवेला कॉलेजात, तिने फोनवर बापाला आडवं घेतलं असावं. मराठी सगळं कळतं तिला, बोलते इंग्रजीत, तेही असं की शब्दाशब्दाला गॉलवेचा वारा. "डॅड, टेक हर टु व्हेनिस, ऑर आय विल." निरीक्षक घायकुतीला आले. दोन तिकिटं काढली, चार दिवस. वहिनींनी निळा कोट घेतला. मी दोघांना पहाटेच्या धुक्यातून विमानतळावर सोडलं. वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या, आरशात मला दिसत होत्या. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखा चेहरा. निरीक्षक पुढे बसून त्यांना सूचना देत होते, मागे वळूनही न बघता. "तिथे गेल्यावर हुरळून जायचं नाही. आधी पूर्ण बघायचं, मग मत बनवायचं."

मी परतीच्या वाटेला लागले आणि विसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"ताई, कुठवर गेलात? जमलं तर परत याल का?"

गेले. निळा कोट दारापाशी एकटाच उभा होता, बाजूला नवी लाल बॅग. गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. काउंटरवरच्या मुलीने यांचा पासपोर्ट बघितला, मग वहिनींचा निळा भारतीय पासपोर्ट उघडला, पानं चाळली आणि विचारलं, "यांचा व्हिसा?"

"आम्ही आयरिश आहोत," निरीक्षक म्हणाले.

"तुम्ही आहात, सर. या नाहीत," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली.

बारा वर्षं दर वेळी प्लास्टिकच्या फोल्डरात बँकेची पानं, घराचा करार, कारखान्याचं पत्र लावून इटलीचा व्हिसा काढणारा हा माणूस! खिशात एक वाइन रंगाची वही काय आली, बायको जुन्याच वहीवर आहे हे साफ विसरला. इथली आमची किती घरं ही चूक करता करता वाचली असतील. पण त्यांनी पुढे जे केलं ते करणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

"मग? परत निघाले का ते?" मी विचारलं. "दिसत नाहीत कुठे."

"गेले."

"कुठे गेले?"

"व्हेनिसला." वहिनी पुढच्या काचेकडे बघत होत्या. "म्हणाले, दोन्ही कशाला वाया घालवायची, एकाचं तरी सत्कारणी लागू दे. आणि म्हणाले, प्रक्रियेत चूक नाही. इनपुटमध्ये चूक आहे."

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. मला जे म्हणायचं होतं ते चालत्या गाडीत म्हणणं धोक्याचं होतं. ते मी तीन मिनिटं म्हटलं. वहिनींनी ऐकून घेतलं, मग डबा पुढे केला. "थालीपीठ खा. अर्धी त्यांना दिली."

दुपारी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी चहा टाकला होता, त्यांनी माझ्या हातातले मटार ओढून घेतले होते आणि सोलत होत्या. फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला, मटार न सोडता.

"अगं," निरीक्षकांचा आवाज, मागे कुठेतरी पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. "समोर पूल आहे."

"लाकडी की दगडी?"

"दगडी. आणि डावीकडे औषधाचं दुकान. हिरवा क्रॉस."

"पूल चढू नका. दुकानाच्या आधी एक बोळ दिसेल, अगदी अरुंद. त्यात शिरा."

"यात? हा कुणाच्या तरी घरात जातोय!"

"जात नाही. खांदा तिरका करा आणि जा. पुढे चौक लागेल, मधोमध झाकलेली विहीर आहे."

थोडा वेळ नुसते बुटांचे आवाज. माझ्या हातातला चहाचा चमचा तसाच हवेत.

"आहे विहीर," फोन म्हणाला, जरा नाराजीने.

"विहिरीकडे पाठ करा. आता उजवा हात वर करा. उजवा, अहो. त्या बाजूने."

मी वहिनींकडे बघत राहिले. त्यांच्यासमोर नकाशा नव्हता. काही नव्हतं. मटार होते. त्या डोळे किंचित मिटून बोलत होत्या, आणि त्यांच्या तोंडून ते सबंध शहर भराभर बाहेर पडत होतं, गल्लीनंतर गल्ली, कुठल्या पुलाला किती पायऱ्या, कुठे भिंतीवर देवीची कोनाड्यातली मूर्ती, कुठला रस्ता सरळ पाण्यातच संपतो.

"हे कधीपासून?" मी कुजबुजले.

"पहिल्या फेरीपासून. बारा वर्षं," त्या तशाच हळू बोलल्या. "त्यांना दिशा कळत नाहीत. आणि परक्या माणसाला विचारायची लाज. मग मीच रात्री कॉम्प्युटरवर सगळे रस्ते फिरून ठेवायचे. फ्लॉरेन्सला चर्चमध्ये अर्ध्या चड्डीवर आत सोडत नव्हते, पंचा लुंगीसारखा गुंडाळून जा हे मीच सांगितलं. रोममध्ये तर..." त्या थांबल्या. "जाऊ दे. रोममध्ये फारच घाई होती त्यांना."

मला एकदम सहा वर्षं आठवली. रोज दोन तास. ती उपजत दिशा! ती नासला पाळणाघराच्या मागच्या खोलीत, पोरांना झोपवून, कानाला फोन लावून उभी होती.

"वहिनी, ठेवा तो फोन," मी म्हटलं. "सकाळी तुम्हाला विमानतळावर टाकून गेलाय हा माणूस! भटकू दे."

"पाण्यात पडतील हो."

"पडू दे की!"

"अगं, कोण आहे तिकडे? टीव्ही लावलायस का?" फोन म्हणाला. "कमान आली. आता?"

वहिनींचे हात थांबले. आवाज बदलला. "कमानीखालून चार पावलं जा. हळू जा. बाहेर पडलात की तोच मोठा चौक. एकदम उजेड अंगावर येतो म्हणतात." मग जरा वेळाने, अगदी लहान आवाजात, "आलात का? कसं आहे?"

पलीकडून कबुतरांचे आवाज आले, कुठेतरी घंटा वाजत होती. वहिनी फोनवर इतक्या वाकल्या होत्या की त्यांचा कान जवळजवळ टेबलाला लागला होता.

"हं," निरीक्षक म्हणाले. "काही विशेष नाही. गर्दी फार. फरशीसुद्धा समतल नाहीये. अठ्ठावन्न."

वहिनी सरळ झाल्या. त्यांनी त्या फोनकडे बघितलं, जशी मी काही तक्रारींकडे बघायचे, ज्या पहिल्याच ओळीत खऱ्या निघतात. मग एका बोटाने तो बंद केला. पुन्हा एक शेंग उचलली.

तो फोन त्या संध्याकाळी नऊ वेळा वाजला. आम्ही मटार-उसळ केली.

चार दिवसांनी निरीक्षक परत आले आणि सोमवारी गाडीत बसले. मी फार निरागसपणे विचारलं, "वहिनींचा फोन लागत नव्हता म्हणे?"

"नेटवर्क," ते म्हणाले. "बेटं आहेत ना सगळी."

त्या फोननंतरची कथा मला तुकड्या-तुकड्यांत कळली. हॉटेलकडे म्हणून ज्या बोटीत बसले, ती त्यांना घेऊन गेली थेट कबरस्तानाच्या बेटावर. व्हेनिसची माणसं मेल्यावर जिथे जातात तिथे हे जिवंतपणी दोन तास बसून होते, परतीची बोट कुठली हे कुणाला विचारायचं नाही म्हणून. आणि हेसुद्धा त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही!

"अप्रतिम जागा, मॅडम. रांग नाही, गोंगाट नाही, सगळं ओळीत. बाहत्तर."

बाहत्तर! इतिहासातले सर्वाधिक गुण. मी गाडी चालवत होते, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या.

वहिनींसाठी त्यांनी फ्रिजवर चिकटवायची एक छोटी नाव आणली होती. ती फ्रिजवर लागलेली मी कधी पाहिली नाही.

पुढे सात-आठ महिन्यांनी वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या, पिशवीतून वाइन रंगाची वही काढली आणि टेबलावर ठेवली. मी ओरडलेच. मग त्यांनी फोनवर तिकीट दाखवलं. एकच होतं.

"एकट्या?"

"दोघं गेलं की बघणं होत नाही म्हणे," वहिनी म्हणाल्या. डोळ्यांत असा काही खट्याळपणा, की मी त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली.

बुधवारी सकाळी निरीक्षक दात घासत असताना वहिनींनी त्यांना सांगितलं, फ्रिजमध्ये चार दिवसांचं करून ठेवलंय, डब्यांवर वार लिहिलेत. मी त्यांना विमानतळावर सोडलं. खरं सांगते, परतताना मी प्रत्येक सिग्नलला फोन बघत होते. नकाशा पाठ असणं वेगळं. ती बाई नाशिकहून आयर्लंडला आली तेव्हाही नवऱ्याच्या मागून आली होती. एकटीने विमानात पाय ठेवण्याची ही पहिलीच वेळ. संध्याकाळी दोन शब्द आले, "पोचले. मजेत." आणि मग काहीच नाही. फोटो नाही, फोन नाही.

आणि शनिवारी, योग बघा, आमच्या इथल्या मराठी मंडळात निरीक्षकांचं वार्षिक व्याख्यान. नासच्या एका सामाजिक सभागृहात दुपारी चाळीस-पन्नास माणसं, मागे चहाचा थर्मास आणि बटाटेवडे. विषय, 'एकट्याने इटली'. एरवी लॅपटॉपवरचे फोटो वहिनी सरकवायच्या. त्या दिवशी मी बसले. आवडीने बसले.

निरीक्षक त्या दिवशी काही ठीक दिसत नव्हते. शर्टाची कॉलर एका बाजूला वर. टेबलावर फोन उताणा ठेवलेला, आणि दर वाक्याला एक नजर त्याच्याकडे. पिसा सांगताना पाणसळ दाखवायची विसरले. बोलोन्याला मधेच लुक्का घुसलं. तरी पट्टीचा माणूस, रेटत होते. मी पुढचा फोटो आणला. 'रस्ता शोधण्याचे नियम' असं मोठ्या अक्षरात होतं.

"नियम पहिला," ते घसा साफ करून म्हणाले. "कुणालाही विचारायचं नाही. दिशा ही... ही उपजत..." आणि फोनकडे बघत राहिले. फोन काळाच.

पहिल्या रांगेत कुणाची तरी आई बसली होती, कोल्हापूरहून लेकाकडे तीन महिन्यांसाठी आलेली. पायांत लोकरीचे मोजे, वरून चपला. त्या मघापासून सभागृह न्याहाळत होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "व्हय वो, तुमची मंडळी कुठं दिसंना?"

"व्हेनिसला गेलीय," निरीक्षक म्हणाले.

"कुणासंगं?"

"एकटीच."

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. चहाकडे निघालेले दोघे थांबले.

"एकलीच?" आजींनी हात गालाला लावला. "आन् त्या पान्याच्या गावात वाट चुकली, हरवली म्हंजी वो?"

निरीक्षकांनी फोन उचलला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. मग पन्नास माणसांदेखत त्यांचा बांध फुटला.

"हरवलं की माणूस घरी फोन करतो, आजी! मी तासातासाला करायचो! चार दिवस झाले, ही बाई हरवतच नाहीये!"